पाहणीच्या कागदावर आपले घर

गावात आरोग्याची पाहणी करणारे लोक येतात. घरात माणसे किती, पाणी कुठून आणता, संडास आहे का, चूल कशाची, बाळंतपण घरी झाले की दवाखान्यात, असे एकामागून एक प्रश्न विचारतात. बोटाला टाचणी टोचून रक्ताचा थेंब घेतात, मुलांचे वजन-उंची मोजतात आणि निघून जातात. औषध देत नाहीत, पैसे देत नाहीत. म्हणून आपल्या वस्तीतल्या बायका म्हणतात, "लिहून नेलं, पण आपल्याला काय मिळालं?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्याच घरातून आपण काय लिहून दिले यावर बरेचसे अवलंबून असते, म्हणून आज या पानावर आम्ही हा विषय घेतला आहे.

या प्रश्नांच्या रांगेत दोन प्रश्न असे येतात की तिथे आपली जीभ अडखळते. कुटुंबप्रमुखाचा धर्म कोणता, हा पहिला. जात किंवा जमात कोणती आणि ती अनुसूचित जातीत येते का, हा दुसरा. आपल्या समाजात याची तीन तऱ्हांची उत्तरे मिळतात. कोणी ताठ मानेने सांगतो, आम्ही बौद्ध, आम्हाला जात नाही. कोणी सांगतो, बौद्ध, पण दाखला महारचा आहे. आणि कोणी, विशेषतः जिथे वस्तीत दहा-बाराच घरे आहेत तिथे, समोर पाटलाचा पोरगा उभा असेल तर हळूच सांगून मोकळा होतो, लिहा हिंदू. तिन्ही घरांत बाबासाहेबांचा फोटो आहे, तिन्ही घरे १४ एप्रिलला एकाच मिरवणुकीत असतात. कागदावर मात्र ती तीन वेगळ्या समाजांची घरे होतात.

हा गुंता आपला एकट्याचा दोष नव्हे. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्धांची संख्या अडीच हजाराच्या आत होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली आणि १९६१ च्या मोजणीत ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. एवढ्या मोठ्या संख्येने माणसांनी कागदावर आपला धर्म बदलून लिहिला, तोही सवलती जाण्याची भीती समोर असताना. केंद्राच्या सवलती खरोखरच गेल्या. राज्य शासनाने आपल्यापुरता 'नवबौद्ध' हा शब्द काढला, जो वसतिगृहापासून घरकुलापर्यंत योजनांच्या नावांत अजून दिसतो. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींत धरले ते थेट १९९० साली. मधली चौतीस वर्षे ज्यांनी काढली, त्यांनी पोराच्या शाळेच्या दाखल्यावर एक लिहिले, जनगणनेत दुसरे आणि नोकरीच्या अर्जात तिसरे. आजोबांचे उत्तर नातवाच्या तोंडात बसले आहे, एवढेच.

२०११ च्या जनगणनेचा आकडा पाहा. महाराष्ट्रात ६५ लाख ३१ हजार बौद्ध नोंदले गेले. देशातल्या बौद्धांपैकी शंभरात सत्त्याहत्तर इथे. पण त्यांतले अनुसूचित जातीत नोंदले गेलेले सुमारे ५२ लाखच. म्हणजे तेरा लाखांच्या आसपास माणसांनी बौद्ध सांगितले आणि जातीचा रकाना सोडून दिला. दुसरीकडे, बौद्धवाड्यात राहून धर्म हिंदू लिहिलेली घरे वेगळीच. विदर्भातल्या अकोला, वाशीम, अमरावती जिल्ह्यांत बौद्धांचे प्रमाण डोळ्यात भरते. आपल्या नगर जिल्ह्यात, ज्याला २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात, ते त्याच्या तुलनेत फारच थोडे दिसते. श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, जामखेड, कुठल्याही तालुक्यात फिरा, पंचशील ध्वज दिसतो. ध्वज दिसतो तितके कागदावर उमटत नाही, असे आमचे मत आहे.

आता याचा आरोग्याशी संबंध काय, ते पाहू.

आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी म्हणून एक मोठे काम चालते. पहिली पाहणी १९९२-९३ ला झाली, पाचवी २०१९ ते २१ या काळात. मुंबईत देवनारला जी लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, ती हे काम पाहते. पाचव्या पाहणीत देशभरातली ६ लाख ३६ हजारांवर घरे घेतली गेली. महाराष्ट्रात ३१ हजार ६४३ घरे आणि ३३ हजार ७५५ स्त्रिया. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी चोपन्न जणींच्या अंगात रक्त कमी आहे, हे आपल्याला कळले ते याच बोटाच्या थेंबावरून. चौथ्या पाहणीत हा आकडा अठ्ठेचाळीस होता. म्हणजे परिस्थिती सुधारायची सोडून बिघडली.

या पाहणीत कुठले गाव घ्यायचे ते साहेबाच्या मर्जीवर नसते. गावांची वर्गवारी करताना गाव लहान की मोठे हे बघतात, अनुसूचित जाती-जमातींची वस्ती किती हेही बघतात. गाव निवडले की आधी घरांची यादी आणि नकाशा तयार होतो. मोठ्या गावाचे तुकडे पाडून त्यांतले दोन तुकडे घेतात. यादीतून २२ घरे निघतात. निघालेल्या घराला कुलूप असेल तर पुन्हा पुन्हा येतात, पण त्याच्याऐवजी शेजारचे घर घेत नाहीत. ही शिस्त चांगली आहे. शेजारचे सोयीचे घर घ्यायची मुभा दिली असती तर पाहणी वेशीच्या आतच संपली असती.

पण हिशेब करा. ३१ हजार घरे ३६ जिल्ह्यांत वाटली तर एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी पावणेनऊशे घरे येतात. आपल्यासारख्या जिल्ह्यात, जिथे बौद्ध म्हणून नोंदच थोडी होते, त्यांत बौद्ध घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघणार. एवढ्यावरून नगर जिल्ह्यातल्या बौद्ध स्त्रियांची तब्येत कशी, हे कोणी प्रामाणिक माणूस सांगू शकत नाही. राज्याचा आकडा निघतो, जिल्ह्याचा निघत नाही. त्यात तीन घरांनी तीन उत्तरे दिली तर राज्याचा आकडाही पातळ होतो.

आणि रकाना नीट भरला की काय निघते, त्याचाही एक दाखला देतो. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रियांसाठीच्या संस्थेने एक अहवाल काढला. त्यात भारताबद्दल म्हटले होते की दलित स्त्रीचे मरणाचे सरासरी वय उच्चवर्णीय स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी आहे. एकीकडे ३९.५ आणि दुसरीकडे ५४.१. हे मेलेल्या बायकांच्या वयाचे सरासरी गणित आहे, याला आयुर्मान म्हणता येत नाही, हे ध्यानात ठेवून वाचावे. तरीसुद्धा चौदा वर्षे! २०१३ चे सोनई आणि २०१४ चे खर्डा महाराष्ट्राला ठाऊक झाले, कारण तिथे रक्त सांडलेले दिसले, मोर्चे निघाले. ही चौदा वर्षे गुपचूप जातात. पाहणीत जातीचा रकाना नसता तर ती गेली हेसुद्धा कोणाला समजले नसते.

कुलपाचा विषय वर निघाला, तो असाच सोडता येत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत या भागांतून दिवाळी झाली की बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून माणसे ऊसतोडीला जातात. वंजारी जातात, मातंग जातात, आपले बौद्ध बांधव जातात. मागे राहतात म्हातारी आणि एखादे शाळेचे पोर. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. कारखान्याच्या आवारात किंवा फडाजवळ कोपी उभी राहते, हंगाम संपला की मोडते. पाहणीची घरयादी गावात होते, त्या यादीत कोपी कशी सापडणार? गावातले घर बंद, कोपी बिननंबरी. पहाटे तीनला उठून फडात जाणारी, पाठीवर मोळी वाहणारी, पाचव्या महिन्यातही कोयता न सोडणारी बाई अशी दोन्हीकडून निसटते. जिची तब्येत सर्वांत आधी पाहायला हवी, तीच मोजणीत नाही.

तिला शोधत कोणी गेले की काय सापडते, ते शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखवले. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात, ही ओरड २०१९ मध्ये झाली. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजार ३०९ ऊसतोड स्त्रियांची विचारपूस झाली. त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा. देशाच्या मोठ्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नाही, म्हणून आकड्याला आकडा जोडून पाहू नये. पण अंतर केवढे आहे ते कोणालाही दिसेल. पाळी आली की खाडा पडतो, खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, आणि पांढरे जाते म्हणून दवाखान्यात गेले की डॉक्टर कॅन्सरची भीती घालून पिशवी काढायला सांगतो. पंचविशी-तिशीच्या लेकी यात सापडल्या. बीडच्या सीमेला लागून पाथर्डी आहे, जामखेड आहे. बाई तीच, कोयता तोच. जिल्ह्याची हद्द ओलांडली म्हणून दुखणे थांबत नसते.

याच जामखेडमध्ये मोजणीची एक वेगळी रीत पन्नास वर्षांपूर्वी उभी राहिली, तिची माहिती आपल्या तरुण मुला-मुलींना असायला हवी. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरला डॉक्टर झाले, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० साली जामखेडला येऊन राहिले. त्या काळचे जामखेड म्हणजे दुष्काळ, नारू, कुष्ठरोग आणि शिवाशिव. आधी त्यांनी शिकलेल्या नर्सबाई गावोगाव पाठवून पाहिल्या. ते जमले नाही. मग गावातल्याच बायका निवडल्या. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते आणि त्यांत दलित स्त्रिया पुष्कळ होत्या. या बायका आठवड्याला जामखेडला जमत, एकत्र जेवत, एकाच खोलीत झोपत. मराठ्याची सून आणि महारवाड्यातली बाई एका पंगतीला बसल्या. त्या काळात ही केवढी गोष्ट होती, ते ज्यांनी हॉटेलात वेगळी कपबशी पाहिली आहे त्यांना सांगायला नको.

पाण्याची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. दुष्काळात कूपनलिका घ्यायच्या होत्या. डॉक्टरांनी युक्तीने त्या दलित वस्तीत घेतल्या. पाणी हवे तर सवर्णांना तिथे यावे लागले. भाषण न देता महाडची आठवण करून देणारे काम झाले.

या आरोग्य सेविका घरोघर जात, मुलांची वजने घेत, कोण गरोदर आहे, कोणाचे मूल दगावले, याची नोंद ठेवायला मदत करत. मोजणारी बाई वस्तीतलीच असल्यामुळे तिच्यापासून काही लपत नव्हते. त्यांच्या नोंदीप्रमाणे १९७१ मध्ये हजार जन्मलेल्या मुलांमागे १७६ मुले वर्षाच्या आत जात होती, १९९३ मध्ये हा आकडा १९ वर आला. १९७९ मध्ये डॉक्टर दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जगभरातले डॉक्टर शिकायला जामखेडला येऊ लागले. शिकवणाऱ्यांमध्ये अंगठा उठवणाऱ्या बायका होत्या! पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या मासिकात २०१० साली एक अभ्यास छापून आला. प्रकल्पाची गावे आणि आसपासची इतर गावे यांची तुलना त्यात होती. पहिला महिना ओलांडलेल्या पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचा धोका प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्के कमी आढळला. मेबलताई १९९९ ला गेल्या, डॉक्टर २०११ ला. संस्था चालू आहे.

आमच्या मते जामखेडचा खरा धडा हा की वही आपल्या हातात आली. आज प्रत्येक गावात आशाताई आहे, अंगणवाडी ताई आहे. त्यांच्या वहीत आपल्या वस्तीचे शेवटचे घर आहे की नाही, हे महिला मंडळाने विचारायला काय हरकत आहे?

आता संशोधनाची दुसरी बाजू. पाहणी म्हणजे प्रश्न आणि रक्ताचा थेंब. पण काही संशोधनांत औषध, लस किंवा तपासणी माणसांवर करून पाहतात. जामखेडच्या पलीकडे उस्मानाबाद जिल्हा, आताचे धाराशिव. तिथे १९९९ पासून गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर मोठा अभ्यास झाला. बार्शीचे कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचे टाटा हॉस्पिटल त्यात होते. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी बायका. शेतात राबणाऱ्या, कोरडवाहू गावांतल्या. त्यांचे चार गट केले. तीन गटांना वेगवेगळी तपासणी, चौथ्याला नेहमीचीच आरोग्यसेवा. विषाणूची तपासणी झालेल्या ३४ हजार १२६ बायकांत आठ वर्षांत या कॅन्सरने ३४ जणी गेल्या. तपासणी न झालेल्या ३१ हजार ४८८ मध्ये ६४ जणी. २००९ साली हे निष्कर्ष अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय मासिकात आले आणि आज जगात ही तपासणी करा असे सांगितले जाते, त्यामागे मराठवाड्याच्या या बायका आहेत. त्यांचे उपकार जगावर आहेत. पण चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवणे बरोबर होते का, यावर पुढे वाद झाला, आणि तो वाद होणे योग्यच होते. हीच तपासणी उस्मानाबादच्या त्या गावांत प्रत्येक बाईला वेळच्या वेळी मिळते का, हा प्रश्न आम्ही इथे विचारून ठेवतो.

खम्ममची गोष्ट याहून कडू आहे. २००९ मध्ये त्या वेळच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत याच कॅन्सरविरोधी लसीचा एक प्रकल्प चालला. १० ते १४ वयाच्या मुली, त्यांत आदिवासी पुष्कळ. वसतिगृहात राहणाऱ्या अनेक मुलींच्या कागदावर आईबापांऐवजी वॉर्डनने सही केली. २०१० मध्ये काम थांबवावे लागले, २०१३ मध्ये संसदेच्या समितीने कडक शब्दांत ताशेरे ओढले. काही मुलींचे मृत्यू झाले होते. चौकशीत ते लसीमुळे झाल्याचे दिसले नाही. म्हणून लसीला दोष देऊन आपल्या लेकींना त्यापासून दूर ठेवू नका. दोष होता तो गरिबाच्या पोरीची संमती कोणीही द्यावी असे मानण्याचा. आपलीही मुले समाजकल्याणच्या वसतिगृहांत आहेत, हे आठवावे.

म्हणून कोणी संशोधनासाठी सही मागितली तर आधी मराठीत लिहिलेला माहितीचा कागद मागावा, घरी आणावा, शिकलेल्या पोराकडून वाचून घ्यावा. 'नाही' म्हणता येते. मध्येच सोडूनही देता येते. सोडले म्हणून दवाखान्यातला नेहमीचा उपचार बंद करता येत नाही. नव्या औषधाच्या चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई यांची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. सरकारी पाहणीतही रक्त द्यायचे की नाही हे वेगळे विचारले जाते.

मग जातीचा रकाना भरावा की नाही? काही जुने कार्यकर्ते म्हणतात, जात लिहिणे म्हणजे दीक्षा पाण्यात घालणे. त्यांच्या निष्ठेला आमचा जयभीम. पण १९९० च्या कायद्याने बौद्ध राहून अनुसूचित जातीत राहता येते. धर्म बौद्ध लिहावा, आणि जातीच्या जागी दाखल्यावर जे नाव आहे ते लिहावे. अनुसूचित जातींच्या यादीत बौद्ध हे नाव जात म्हणून नाही. बावीस प्रतिज्ञा मनाने पाळायच्या आहेत, आजाराचा कागद हा आपल्यावरच्या अन्यायाचा पंचनामा आहे. पंचनाम्यात जखम कुठे झाली ते लिहावेच लागते.

सिकलसेलचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. हा रक्ताचा आनुवंशिक विकार. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी 'लॅन्सेट' या मासिकात मध्य भारतातल्या या दोषाबद्दल लिहिले. विदर्भातल्या आपल्या समाजात तो बऱ्याच प्रमाणात आहे हे पुढच्या अभ्यासांतही दिसत गेले. समाजाचे नाव लिहिले म्हणून हे समजले. यात कमीपणा कसला? हा दोष हिवतापाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांत जगभर सापडतो. जुलै २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, तिचा मुख्य भर आदिवासी भागांवर आहे. नागपूर-चंद्रपूरची सून आपल्या नगरकडच्या घरात येते, किंवा आपली लेक तिकडे जाते, तेव्हा या मोहिमेच्या नकाशात ते घर असेलच असे नाही. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारांत एक असते. एकच वाहक असेल तर मूल वाहक होऊ शकते, आजारी होत नाही. लग्न जमवताना आपण पत्रिका पाहत नाही. त्याऐवजी ही रक्ततपासणी दोघांनीही करून घ्यावी. विदर्भात नाते असलेल्या घरांनी तर नक्कीच. वाहक निघाला म्हणून कोणी मुलगी नाकारू नये, दोघांचा अहवाल एकत्र पाहावा.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. आता २०२७ च्या जनगणनेत सर्वांची जात विचारली जाणार असे केंद्राने २०२५ मध्ये जाहीर केले. पुढची दहा वर्षे आरोग्याच्या पाहण्यांसाठी गावे आणि घरे याच मोजणीच्या आधाराने निवडली जातील. मोजणीची तारीख मार्चची आहे, म्हणजे ऊसतोडीच्या हंगामाची अखेर. कोयते तेव्हा कोपीवर असतील किंवा वाटेत. म्हणून जाणाऱ्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला धर्म आणि जात काय सांगायची ते सांगून ठेवावे, शेजाऱ्याकडे फोन नंबर द्यावा. विहारात रविवारच्या वंदनेनंतर वस्तीतल्या घरांची एक यादी करून ठेवावी: कोण गावात आहे, कोणते घर बंद आहे, आणि बंद घरातली माणसे कोणत्या कारखान्यावर आहेत.